कुटारातली एसटी

२१ जून

मेहकरचं प्रशिक्षण आज संपलं. सतरा वर्षं अंगणवाडी चालवल्यावर मला कळलं की लेकरांना खेळू द्यायचं असतं.

शिकवायला आलेल्या ताई फार गोड बोलत होत्या. खेळणी विकत आणायची नाहीत. ऋतूप्रमाणे आजूबाजूला जे उगवतं, पडतं, वाळतं तेच लेकरांपुढे ठेवायचं. पानं, बिया, काड्या, माती. त्याचं काय करायचं ते मूल ठरवेल. त्यात चूक नाही आणि बरोबरही नाही. मी सगळं शब्दशः उतरवून घेतलं. शेवटी आमच्या मुख्यसेविका मॅडम म्हणाल्या, ज्या अंगणवाडीचा खेळकोपरा सगळ्यात चांगला, ती जिल्ह्याच्या साहेबांना दाखवू. ते मी उतरवून घेतलं नाही, तरी लक्षात राहिलं.

परत येताना ह्यांच्याच गाडीत बसले. हे मेहकर आगारात कंडक्टर आहेत. गर्दी कमी झाल्यावर जवळ येऊन म्हणाले, "काय शिकवलं?"

"लेकरायले काड्या अन् मातीत खेळू द्यायचं."

"त्याच्यासाठी जेवण बी देलं का तुमाले?"

"हाव. गुलाबजाम होते."

"मंग बरोबरच असन."

ह्यांच्याशी गंभीर विषयावर बोलण्यात अर्थ नाही. म्हणून ही वही सुरू केली.

२५ जून

आज सुरुवात केली. अंगणवाडीमागच्या निंबाखाली सडा पडलेला आहे. माझी मदतनीस गौसिया हिने टोपलंभर निंबोळ्या वेचून आणल्या. लेकरांना गोल बसवलं, मधोमध निंबोळ्या ओतल्या आणि म्हटलं, "घ्या, तुमच्या मनाले येईन ते करा."

कोणी हललं नाही. मयुरी म्हणून चार वर्षांची एक पोरगी आहे, तिने विचारलं, "बाई, मनाले काय यायले पाह्यजे?"

"काही बी."

त्यांनी एकमेकांकडे बघितलं. मग सगळ्यांनी हात जोडून प्रार्थना म्हटली. मग एक ते दहा अंक म्हटले. मग स्वतःसाठी टाळ्या वाजवल्या.

लेकरं गुणी आहेत, पण मुक्त नाहीत. त्यांना मुक्त करावं लागेल.

२६ जून

कलीमने नाकात निंबोळी घातली. डोणगावच्या दवाखान्यात नेऊन चिमट्याने काढावी लागली. रिक्षात मी रडत होते आणि कलीम माझे डोळे पुसत होता.

त्याची आई शाइस्ता अंगणवाडीत आली. भांडली नाही, तेच जास्त लागलं. म्हणाली, "बाई, पोरगा पाच वर्साचा झाला. घरी एक दाना नाकात घातला नाई त्यानं. तुमच्याकडंच काऊन घातला?"

मी म्हटलं, "तो मुक्त खेळ होता."

"मंग त्याले थोडं बांधून ठेवा ना."

कलीमला नाही, खेळाला म्हणत होती ती. बराच वेळ माझ्या ध्यानात आलं नाही.

१० जुलै

शाइस्ताचं म्हणणं मनावर घेतलं. मुक्त खेळाचे नियम करून भिंतीवर लावले. काहीही नाका-कानात घालायचं नाही. फेकायचं नाही. चिखलात हात मनगटापर्यंतच घालायचे. दुसऱ्याने केलेलं मोडायचं नाही. घेतलेली वस्तू होती तिथेच ठेवायची. असे बारा झाले. लेकरांना वाचता येत नाही, म्हणून रोज खेळाच्या आधी पाठ म्हणून घेते. खेळाला वेळ थोडा कमी उरतो, पण खेळ सुटसुटीत झाला आहे.

आज मयुरीची आजी जनकाबाई दारात उभी राहून चिखलाकडे बघत होती. म्हणाली, "धम्मशीला, पोरगी मातीतच खेळवाची तं आमच्या घरी काय मातीचा दुष्काळ हाय? तिचा बाप म्हणते, डोणगावच्या इंग्लिश शाळेत टाकू. तिथं खुर्चीवर बसवतेत."

मी समजावलं की ही माती वेगळी आहे, शैक्षणिक आहे. जनकाबाईने वाकून चिमूटभर माती उचलली, बोटांत चुरली, उजेडात धरून बघितली, पदराला हात पुसला आणि निघून गेली. पटलेलं दिसतं.

४ सप्टेंबर

कोपरा तयार झाला आणि मॅडमना तो दाखवूनही झाला! एवढं मनासारखं काम फार दिवसांनी झालं.

पावसाळ्यात जे जे मिळालं ते सगळं जमवलं. बाभळीच्या शेंगा, आघाड्याचे तुरे, पळसाची पानं, नदीचे गोटे, तेरड्याची बोंडं. प्रत्येकाला वेगळी टोपली आणि प्रत्येक टोपलीला नावाची चिठ्ठी. तेरड्याच्या बोंडांवर 'हात लावू नये' असं लाल शाईत लिहिलं, कारण ती बोट लागलं की फटकन फुटतात आणि बिया उडतात. लेकरांना तेवढंच पाहिजे असतं.

मॅडम आल्या तेव्हा सगळी लेकरं हाताची घडी घालून कोपऱ्यासमोर रांगेत बसली होती. सकाळीच बजावलं होतं. एकानेही हात लावला नाही. मॅडम म्हणाल्या, "धम्मशीलाताई, मुक्त खेळात एवढी शिस्त मी कुठंच पाहिली नाही." पुष्कळ फोटो काढले. दिवाळीनंतर साहेबांना घेऊन येणार आहेत.

१२ सप्टेंबर

दुसऱ्या गावांच्या सेविका कोपरा बघायला येऊ लागल्या. लेकरं टोपल्या विस्कटतात, म्हणून जाळी लावून घेतली. कुलपाची किल्ली गौसियाच्या पदराला.

९ ऑक्टोबर

अंगणवाडीला लागूनच जानरावांचं खळं आहे. त्यांचं सोयाबीन निघालं आणि मळणीत उरलेल्या कुटाराचा ढीग आमच्या भिंतीएवढा झाला. झालं. लेकरं खिचडी खाल्ली की तिकडे पळतात. मी एवढा कोपरा केला, त्याच्याकडे कोणी ढुंकून बघत नाही. बघायला तरी काय, जाळी आहे म्हणा. पण बाहेरून दिसतं सगळं.

दुपारी बोलवायला गेले तर अंगणवाडीत नाव असलेली सगळी लेकरं तिथे होती, नाव नसलेलीही होती. डोक्यात, कानात कुटार. त्यांनी ज्वारीचे लांब धांडे वाखाच्या दोरीने बांधून एक चौकट केली होती, माणूस झोपेल एवढी लांब. आत एकामागे एक उभं राहायचं, धांडे कमरेशी धरायचे आणि पळायचं. बाजूंना चार गोवऱ्या बांधलेल्या, ती चाकं. वेलाचं कडं म्हणजे स्टेअरिंग, ते मयुरीकडे. भोपळ्याच्या देठाची पिपाणी म्हणजे हॉर्न. कलीम कंडक्टर. पिंपळाच्या पानाला बाभळीच्या काट्याने भोक पाडून तो तिकीट देत होता आणि "मेहकर, मेहकर, आत सरका बे!" असं ओरडत होता. जुन्या नळाजवळ अमडापूर, भिंतीच्या टोकाला मेहकर. अमडापूरला चढलेल्या एका पोराने तिकीट खाऊन टाकलं, तर त्याला उतरवून पुन्हा चढवलं.

हे सगळं वेळ घालवणं आहे. मी मात्र तिथे बराच वेळ उभी होते, कारण मधेच हाक मारली असती तर गाडी भिंतीवर गेली असती.

१६ ऑक्टोबर

आज भिंतीआडून बघितलं. वेगळाच खेळ चालला होता. बाकीचे रांगेत हाताची घडी घालून बसलेले. एक पोरगा साहेब. मयुरी पुढे उभी, हातात तुराटी. "हात लावू नका बे! साहेब येऊन राह्यले! कलीम, नाकातून बोट काढ!" मग साहेब आले, त्यांनी वीट कानाला लावून फोन केला, त्याच विटेने सगळ्यांचा फोटो काढला आणि गेले. ते गेल्याबरोबर सगळे ओरडत कुटारात उड्या मारायला मोकळे.

माझी नक्कल होती हे समजलं. लेकरं निरीक्षण करतात, ही चांगली गोष्ट आहे. फक्त मी 'बे' म्हणत नाही.

संध्याकाळी ह्यांना विचारलं, "मी लेकरायले बे म्हणतो काय हो?"

हे जेवता जेवता म्हणाले, "मले बी म्हणतं."

१९ नोव्हेंबर

उद्या साहेब येणार आणि आज बकरी आत शिरली. गौसियाने झाडायला जाळी उघडली आणि पाणी आणायला गेली. तेवढ्यात जानरावांच्या बकरीने शेंगा खाल्ल्या, पानं खाल्ली, आघाडा खाल्ला, चिठ्ठ्यासुद्धा खाल्ल्या. गोटे तेवढे ठेवले. गौसिया कपाळाला हात लावून बसली. "बाई, माझ्या तोंडाले कोनी काळं फासलं असतं तं बरं होतं."

मला काही सुचेना. सगळं नव्याने जमवायला ऋतू हवा, एक दुपार कशी पुरेल? तेवढ्यात खळ्यातून पिपाणी वाजली.

मी गेले. लेकरांना म्हटलं, "तुमची एसटी साहेबायले दाखवाची हाय." कलीमने गाडी थांबवली, सगळ्यांना रीतसर उतरवलं. मयुरीने विचारलं, "कवा वापस देसान?" मी म्हटलं, "लगेच." चौकट, चाकं, स्टेअरिंग, तिकिटांची डबी, कुटारात मांडलेली मातीची चूलभांडी, सगळंच उचललं. गौसियाने आणि मी ते कोपऱ्यात मांडून नव्या चिठ्ठ्या लावल्या. लेकरं जाळीच्या बाहेर उभी राहून बघत होती. कोणी रडलं नाही. समजूतदार आहेत.

२० नोव्हेंबर

साहेब खूष! एसटीसमोर दोनदा फोटो काढून घेतला. "ही बालकांची स्वतःची निर्मिती? अद्भुत!" म्हणाले. स्टेअरिंग हातात घेऊन थोडं फिरवलं आणि कोणी बघत नाही ना, म्हणून मागे बघितलं. मला प्रमाणपत्र मिळालं. मॅडमनी एसटी मेहकरच्या प्रदर्शनाला पाठवायची म्हणून जीपवर बांधून नेली. तिथे पसंत पडली तर पुढे बुलढाण्याला.

जीप गेली तेव्हा लेकरं तिच्यामागे पळाली. मला वाटलं आनंदाने पळतात.

२१ नोव्हेंबर

आज एकही लेकरू आलं नाही. कुठे लग्न असेल.

२५ नोव्हेंबर

लग्न कुठेच नव्हतं. आज घरोघर गेले. शाइस्ताच्या ओट्यावर कलीम बसला होता. मी म्हटलं, "काऊन येत नाही रे?"

त्याने सरळ उत्तर दिलं. "एसटी नाई."

"अरे, तुमची एसटी प्रदर्शनात लागली. सगळे लोक पाहून राह्यले तिले."

"पाह्यतेत ना," तो म्हणाला. "मंग आम्ही कशात बसू?"

शाइस्ता चुलीकडून म्हणाली, "रोज इचारते बाई, कवा देनार, कवा देनार. मी म्हनलं सरकारी लोकायनं नेलेली वस्तू कदी वापस येते का बाबा?"

मयुरीच्या घरी जनकाबाईने बसायला पाट दिला, चहा दिला. मयुरी आतून बाहेर आलीच नाही. जनकाबाई म्हणाली, "जानेवारीपासून डोणगावले धाडतो आम्ही तिले. तिथं निदान लेकरायची वस्तू कोनी नेत नाई. तिथं वस्तूच नसतेत."

प्रमाणपत्र चौकटीत लावून आणलं आहे. अजून भिंतीवर टांगलं नाही. खिळा सापडत नाही.

६ डिसेंबर

सकाळी विहारात वंदनेला सगळी वस्ती होती. मयुरी पांढऱ्या फ्रॉकमध्ये आजीच्या मांडीवर होती. मी हसले. तिने माझ्याकडे एवढं निरखून बघितलं, जसं काही मी काय करणार आहे ते तिला बघायचंच होतं. मग तोंड फिरवलं.

वंदना चालू असताना माझे ओठ हलत होते, मन ठिकाणावर नव्हतं. मी त्यांना 'लगेच' म्हटलं होतं.

९ डिसेंबर

मॅडमना फोन केला. एसटी परत पाहिजे म्हटलं.

"अहो ताई, बुलढाण्यासाठी निवड झाली आहे. आता मागे घेतली तर तुमचं नाव जाईल यादीतून."

"जाऊ द्या."

"लेकरांना दुसरी करायला सांगा ना."

मी म्हटलं, "मॅडम, ती मी केली नव्हती. म्हणून मला दुसरी करून घ्यायला सांगता येत नाही." हे वाक्य मी विचार करून बोलले नव्हते. फोन ठेवल्यावर मात्र घाबरले. कोपरा गेला, लेकरं गेली, आता मॅडमही गेल्या.

११ डिसेंबर

मेहकरला जाऊन एसटी आणली.

प्रदर्शनात टेबलावर पांढरी चादर, तिच्यावर आपली एसटी. पुढे पाटी, 'कृपया स्पर्श करू नये'. तशीच पाटी मी लाल शाईत लिहिली होती. तिथल्या शिपायाने अडवलं. मी म्हटलं, माझ्या लेकरांची आहे. तो म्हणाला, सही करा. मी सही केली आणि चौकट डोक्यावर घेऊन बसस्टँडपर्यंत चालत गेले. लोक वळून बघत होते. एका गोवरीचे तुकडे रस्त्यातच पडले.

ह्यांची गाडी लागलेली होती. चौकट दारातून आत जाईना. तिरपी केली, उभी केली, शेवटी मधल्या वाटेत आडवी ठेवली. चढणारा प्रत्येक माणूस तिला ओलांडून जात होता. एका म्हाताऱ्याने विचारलं, "हे काय हाय माय?"

"एसटी."

"एसटीत एसटी?" तो हसला आणि मग पाय उचलून नीट आत ठेवून, एसटीच्या आतच उभा राहिला. डोणगावपर्यंत तसाच उभा होता. बसायला जागा झाली तरी हलला नाही.

हे तिकिटाचं यंत्र घेऊन आले. मला वाटलं आता सगळ्यांसमोर काहीतरी बोलतील. हे खाली बसले, सुटत आलेली वाखाची गाठ घट्ट केली आणि पुढे गेले. उतरताना ड्रायव्हरला म्हणाले, "जरा थांबा, आपली दुसरी गाडी उतरून राह्यली."

१२ डिसेंबर

आज घडलं ते जसंच्या तसं लिहिते. कारण त्याचा अर्थ मला नीट लागलेला नाही.

सकाळी मी आणि गौसियाने एसटी खळ्यात नेऊन ठेवली. पिपाणी कधीच वाळून गेली होती, म्हणून गौसियाने तोंडानेच हॉर्न वाजवला. गल्लीतून लेकरं पळत आली. कलीम सगळ्यात पुढे. मागून मयुरी, तिच्यामागे जनकाबाई. मी पदराने चेहरा पुसून उभी होते. आता एकच गलका होईल असं मला वाटत होतं.

लेकरं एसटीभोवती एक चक्कर मारून थांबली. मयुरीने एका धांड्याला पायाने ढोसून बघितलं.

"ही तं जुनी झाली," ती म्हणाली.

मी म्हटलं, "अगं, तुमचीच हाय. मी मेहकरवरून आणली. डोक्यावर आणली."

"हो. पण आता एसटी नाई खेळत आम्ही. आता घर बांधून राह्यलो." कलीमकडे वळून ती म्हणाली, "धांडे चांगले हाय पण. लंबे हाय."

आणि त्यांनी ती मोडायला सुरुवात केली. माझ्या डोळ्यांसमोर. ह्यांनी बांधलेली गाठ सुटेना, तर कलीमने दातांनी सोडली. उरलेल्या गोवऱ्या नव्या चुलीपाशी गेल्या. ज्या स्टेअरिंगला साहेबांनी हात लावला होता ते जमिनीत अर्धं पुरून त्याची विहीर झाली. मी यादीतून नाव घालवून आणलेली वस्तू बघता बघता संपली. मला रडू येणार होतं. तेवढ्यात जनकाबाई माझ्याशेजारी येऊन उभी राहिली आणि हळूच म्हणाली, "पाह्य, कशी लागली कामाले." ती पोरीकडे बघत होती. डोणगावच्या शाळेचं काही बोलली नाही. मीही विचारलं नाही.

घर भिंतीला टेकवून बांधत होते. एका बाजूचा धांडा कुटारात रोवला की कलंडायचा. त्यांनी गोटा लावून बघितला, वीट लावून बघितली, दोन वेळा अख्खं घर त्यांच्या अंगावर आलं. मी सांगणार होते की खड्डा खोल करा. तोंड उघडलं होतं मी. तेवढ्यात मयुरी माझ्याकडे आली, माझा हात धरून तिथे नेलं आणि धांडा माझ्या हातात दिला.

"बाई, हे धरा. हलू नका."

मी धरला. त्यांनी वर आडवे धांडे टाकले, त्यांच्यावर पळसाची पानं, त्यावर कुटार. मग आत गेले. आत स्वयंपाक झाला, पाहुणे आले, कोणीतरी आजारी पडलं, त्याला सुई दिली. माझा हात भरून आला तेव्हा दुसरा हात लावला. खिचडीची वेळ झाली. हजेरी मोबाइलवर भरायची राहिली होती. वजनं करायची राहिली होती.

अंगणवाडीत माझा फोन वाजायला लागला. बंद झाला, पुन्हा वाजला. गौसियाने दारातून ओरडून सांगितलं, "बाई, मॅडमचा फोन हाय! येता का?"

"तूच उचल," मी म्हटलं. "सांग, बाई कामात हायेत."

"काय काम सांगू?"

मी विचार करत होते. घरातून मयुरीचाच आवाज आला. "गौसियाखाला, सांग ना त्यायले. बाई खांब हायेत."

गौसियाने तसंच सांगितलं.